बावीस हजारांचा भुसा

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने देते, भाजीत मीठ टाकावं तसं. (मीठ मात्र बरोबर पडतं.) माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि नदीवर पूल नव्हता. आता पूल झालाय, पण मी अठ्ठावन्न वर्षांची झालेय. ही वही सुनेच्या जुन्या क्लासची, अर्धी कोरी राहिलेली. पुढून तिचे सूर आहेत, मागून मी लिहिते. कोणी वाचू नये अशी इच्छा आहे. वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात, आणि हसू आलं तर गॅलरीत जाऊन हसावं.

तर, आमच्या घरात एक खोली आहे, तिच्या भिंती शेवटी म्हशीने खाल्ल्या. त्याची ही हकीकत.

आमचा फ्लॅट इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली होती, ती माझी साठवणीची. वर्षाचा गहू, तांदूळ, कुरडया, पापड, लोणच्याच्या बरण्या. घरातलं कुणी तिकडे फिरकत नसे, म्हणून मला ती फार आवडायची. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या खोलीत मी बरण्यांशी पुष्कळ बोलायची.

आमची सून प्राजक्ता शाळेत संगीत शिकवायची. मुलगा पुण्याला नोकरीला, तो शनिवारी येतो. एक दिवस तिने शाळा सोडली आणि घरीच गाण्याचा स्टुडिओ करायचं ठरवलं. ती लग्नाच्या मंगलाष्टका करते. नवरानवरीची, आईवडिलांची, मामा-आत्यांची नावं ओवून स्वतः रचते, स्वतः गाते आणि रेकॉर्ड करून देते. गळा असा गोड, की दूध उतू गेलं तरी मी ऐकत उभी राहते.

तिने मला मोबाइलवर फोटो दाखवले. राखाडी भिंती, लाकडी पट्ट्या, पिवळे दिवे, कोपऱ्यात एक झाड.

"आई, छोटीच खोली पाहिजे. स्टायलिश पण दिसली पाहिजे आणि प्रॅक्टिकल पण. साठवणीची चालेल?"

"हो," मी म्हटलं.

"खिडकी बुजवावी लागेल."

"हो."

"आणि ह्या कोठ्या गंजल्यात. भंगारात देऊ. आता कोण वर्षाचा गहू भरतं? पिठाच्या पिशव्या आणू."

"हो."

'नाही' कसं म्हणायचं, हा धडा बहुधा पाचवीत असावा!

भिंतीचा राखाडी रंग निवडायला तिने चार दिवस घेतले. (मला नवरा निवडायला कुणी चार मिनिटंही दिली नव्हती.) मग मिस्त्री आले. ते मूळचे राजस्थानचे, पण वीस वर्षं नाशकात. त्यांनी समजावलं, की भिंतींवर लाकडी चौकटी ठोकायच्या, त्यात आवाज पिणारी एक लोकर भरायची आणि वरून राखाडी कापड ताणून बसवायचं. प्राजक्ता माइक घ्यायला तीन दिवस पुण्याला गेली. जाताना तिने माझ्या हातात पाकीट दिलं.

"आई, बावीस हजार आहेत. लोकरवाला आला की द्या. बाकी मिस्त्रींना सगळं माहितीये."

लोकरवाला आला. मी नमुना हातात घेतला आणि हाताला खाज सुटली.

"मावशी, हे सगळं भिंतीच्या आत जातं," तो म्हणाला.

"आत? म्हणजे दिसत नाही?"

"अजिबात नाही!"

बावीस हजार, खाजतं, आणि दिसत पण नाही! मला 'नाही' म्हणता येत नसलं तरी 'उद्या या' फार छान म्हणता येतं. मी ते म्हटलं.

आता माझी बुद्धी कशी चालली ते लिहिते, म्हणजे चौथी पास बाई काय काय करू शकते ते कळेल. सिन्नरकडे आमच्या माहेरच्या मळ्यात डिझेलचं इंजिन होतं. ते सुरू झालं की शेजारच्या मळ्यातलं पोर रडायला लागायचं. पण आम्ही भावंडं भुशाच्या खोपीत शिरलो की इंजिन बंद झाल्यासारखं वाटायचं. म्हणजे आवाज पिण्यात भुशाचा हात धरणारं कुणी नाही! आणि भुसा तर भावाकडे ढिगाने पडलेला. मी दत्तूला, म्हणजे धाकट्या भावाला, फोन लावला.

"दत्तू, भुसा आहे का रे?"

"लय हाय. नाशकात म्हस घेतली का काय, आक्का?"

"म्हशीला नाही. भिंतीला पाहिजे."

दत्तूने आवाज खाली आणला.

"दाजी बरे हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दत्तू पिकअप घेऊन हजर. अकरा पोती! लिफ्टमध्ये घालायची सोय नव्हती, म्हणून दत्तूने आणि आमच्या ह्यांनी जिन्याने चढवली. (ह्यांचं नाव मी घेत नाही. लाजच तशी आहे.) वॉचमनने विचारलं, "काका, काय आहे?"

"उशा भरायच्यात," हे म्हणाले.

"अकरा पोती उशा?"

"पाहुणे येणारेत."

मी जुन्या साड्यांच्या पातळ गाद्या शिवल्या, त्यात भुसा भरला आणि मिस्त्रींना दिल्या. ते डोक्याला हात लावून बघत राहिले.

"मावशी, मैंने दस स्टुडिओ किये. भुसेवाला पहला है."

"चालेल का?"

"चालेल तो. पण भाभी को तुम बोलना. मैं नहीं बोलेगा."

मी सांगणारच होते हो! मनात सगळं ठरलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी पेढ्यांबरोबर पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, 'हे घे, वाचवले!' पण मधल्या दोन दिवसांत गल्लीत गव्हाचा ट्रक आला. सोन्यासारखा गहू! पीठ पिशवीतून आणायचं म्हणजे मला शेजारणीसमोर चोरी केल्यासारखं वाटायचं. घरचाच गहू, घरचेच पैसे, असं म्हणत मी चार क्विंटल गहू घेतला आणि चार नव्या कोठ्या घेतल्या. पाकीट संपलं. कोठ्या ठेवायला जागा नाही, म्हणून त्या आमच्या झोपायच्या खोलीत गेल्या. अजूनही हे कूस बदलताना कोठीला गुडघा मारतात. कोठी गच्च भरलेली असल्यामुळे वाजत नाही. हे वाजतात.

प्राजक्ता आली. खोली बघून हरखली. राखाडी भिंती, पिवळे दिवे, कोपऱ्यात झाड. दार लावून तिने एक टाळी वाजवली.

"आई, बाबा, ऐका! टाळी कशी जागच्या जागी विरते! बावीस हजार गेले, पण वसूल!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. (पंखा नव्हताच. आवाज करतो म्हणून लावलाच नव्हता.)

पहिलं काम आलं सिन्नरच्या एका ठेकेदारांचं. रविवारी मुलीचं लग्न. गुरुवारी ते ऐकायला येणार होते. अटी फार! सत्तावीस नातेवाईक आलेच पाहिजेत, आणि मुलीचे थोरले काका नि धाकटे काका एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्यांना एका कडव्यात घालायचं नाही. प्राजक्ताने तेही जमवलं.

"आई, ठेकेदारांच्या मेहुण्याचं मंगल कार्यालय आहे," ती म्हणाली. "हे पसंत पडलं तर सगळ्या सीझनची कामं मिळतील."

"आणि नाही पडलं तर?"

"तर हे सामान विकायचं आणि जूनमध्ये शाळेत हात जोडून उभं राहायचं."

रेकॉर्डिंगला तिने मला खोलीत बसवलं. म्हणे, "तुम्ही समोर बसलात की मी नीट गाते." मी स्टुलावर बसले. दार बंद. शांतता. तिने डोळे मिटले, कडवं म्हटलं, आणि 'शुभमंगल'नंतर जरा थांबली.

किर्रर्र!

"सावधान," प्राजक्ता म्हणाली आणि डोळे उघडले.

जिचं बालपण मळ्यात गेलं तिला रातकिडा ओळखायला शाळा लागत नाही. मी जागच्या जागी गार! दत्तूच्या भुशातून आला होता महाराज. दिवसाढवळ्या का ओरडतो, तेही लगेच कळलं. खोलीला खिडकीच नाही! त्याच्या हिशेबाने तिथे कायमचीच रात्र होती.

"आई, तुम्हाला काही ऐकू आलं?"

"मला? नाही गं. हल्ली जरा कमीच येतं."

ही थाप मला फार महागात पडली. त्या दिवसापासून सगळं घर माझ्याशी ओरडून बोलायला लागलं. "आई, चहा घेता का?" हे खालच्या मजल्यापर्यंत जायचं. पुण्याहून मुलगा फोनवर ओरडायचा. शेवटी प्राजक्ता मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी यंत्र लावलं आणि म्हणाले, "यांना तर भिंतीपलीकडचंही ऐकू येईल!" मनात म्हटलं, पलीकडचं कशाला, डॉक्टर, आतलंच पुरे झालं.

रातकिडा हुशार. दार उघडलं, पाऊल वाजलं, की गप्प. रेकॉर्डिंगसाठी सगळे श्वास रोखून बसले, की सुरू! प्राजक्ताला तो वायरचा दोष वाटला, तिने वायर बदलली. किर्रर्र. वायरमन बोलावला. तो म्हणाला, अर्थिंग खराब आहे. सोसायटीच्या आवारात माणूसभर खड्डा खणला, त्यात मीठ नि कोळसा ओतला, जसा काही नवस फेडतायत. सेक्रेटरींचा कढीपत्ता मुळासकट गेला. ते खालून ओरडले, "तुमच्या घरात गाणं आहे का खाण?" साडेसहा हजार गेले. किर्रर्र!

प्राजक्ता अंघोळीला गेली, की मी लाटणं घेऊन भिंत बडवायची. तेवढ्यापुरतं गप्प. दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीतून दुसऱ्याने उत्तर दिलं. आता दोघे झाले!

"सांगून टाक," हे स्वयंपाकघरात कुजबुजले.

"तुम्ही सांगा."

"मला यात घेऊ नकोस. मी फक्त पोती उचलली."

मी रोज सकाळी ठरवायची, आज चहाबरोबर सांगू. चहा व्हायचा. मग ठरवायची, जेवताना सांगू. जेवण व्हायचं. प्राजक्ताच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ती स्वतःचाच घसा बिघडलाय का बघत मिठाच्या गुळण्या करत होती. गुळण्यांचं पाणी मीच कोमट करून देत होते. शब्द तेवढा देत नव्हते.

गुरुवार उजाडला. सिन्नरचे ठेकेदार आले. पांढरी सफारी, हातात दोन मोबाइल. स्टुडिओत गेले, चौफेर पाहिलं.

"लय भारी बनवलीय ताई खोली. भिंतीला काय घातलंय?"

"आवाज शोषणारी लोकर," प्राजक्ता अभिमानाने म्हणाली.

ह्यांना खोकला आला.

तिने त्यातल्या त्यात बरं झालेलं रेकॉर्डिंग लावलं. पहिलं कडवं छान गेलं. दुसरं छान गेलं. तिसऱ्यात थोरल्या काकांचं नाव आलं, आणि नावाला लागूनच, किर्रर्र!

"ताई, हे काय?"

"ते जरा विजेचं..."

"आमच्या दादांच्या नावालाच? धाकल्याच्या नावाला नाय? दादा म्हणतील मुद्दाम केलं. मांडवातून उठून जातील!"

"परत ऐकवते," म्हणत तिने तोच तुकडा पुन्हा लावला. स्पीकरमधून रातकिडा ओरडला. किर्रर्र! आणि भिंतीतल्या रातकिड्याला वाटलं, आपल्यातलंच कुणी आलंय. त्याने उत्तर दिलं. समोरच्या भिंतीतला त्यांना मिळाला. तिघे मिळून अशी काही लावली, की मंगलाष्टका बाजूलाच राहिल्या!

ठेकेदारांनी कान टवकारले. "ताई, मी शेतकऱ्याच्या पोटचा. हा रातकिडा हाय!"

"शक्यच नाही. आत बावीस हजारांची लोकर आहे."

हे एकदम उठले. "मी चहा टाकतो."

पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी चहा टाकला नव्हता. प्राजक्ताची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

तोंडाने सांगता येईना, म्हणून मी कात्री घेतली. राखाडी कापड वरपासून खालपर्यंत फाडलं. आतली साडी माझ्या डोहाळजेवणाची होती, विरलेली. तीही फाटली, आणि सगळा भुसा भसाभसा खोलीत! माइकवर, लॅपटॉपवर, झाडावर, पांढऱ्या सफारीवर. एक तपकिरी रातकिडा उडी मारून माइकच्या टोकावर जाऊन बसला. नेमका तेव्हा गप्प!

"आई, हे काय आहे?"

"भुसा."

"आणि लोकर?"

"त्याला उद्या या म्हटलं."

"आणि पैसे?"

"कोठ्यांत आहेत. म्हणजे... गहू आहे."

ठेकेदारांनी खांद्यावरचा भुसा चिमटीत घेऊन पाहिला. "माल चांगला हाय," म्हणाले. "पण ताई, मला उद्या सकाळी दहापर्यंत पाहिजे. नाय तर राहू द्या, भटजी तोंडाने म्हणतील." आणि भुसा झटकत गेले.

प्राजक्ता भुशातच खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. "मी शाळा सोडलीय, आई," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ह्यांनी चहा आणला. त्यात साखर नव्हती, चहापत्तीही नव्हती बहुतेक, पण आम्ही तो पिऊन टाकला.

मग मला एकदम वाचा फुटली. इतकी वर्षं साठवलेली असावी!

"ऊठ," मी म्हटलं. "ते माइक-बिइक घे आणि माझ्या खोलीत चल. अहो, पलंगाच्या फळ्या काढा. कोठ्या मधे ओढा. घरात असतील तेवढ्या गोधड्या आणा!"

घरात माझा आवाज इतका मोठा पहिल्यांदाच निघाला. दोघेही मुकाट कामाला लागले. चार कोपऱ्यांना चार कोठ्या, गव्हाने गच्च. वर पलंगाच्या फळ्या. त्यावरून चारी बाजूंनी नऊ गोधड्या, माझ्या हातच्या, आईच्या लुगड्यांच्या. आत प्राजक्ता, माइक, आणि तिच्यासमोर मोबाइलची बॅटरी धरून मी. मे महिन्याची दुपार, पंखा बंद! आत भाकरी भाजून निघाली असती. प्राजक्ताच्या कपाळावरून घाम ओघळत होता, माझा चष्मा धुरकटला होता. बाहेर हे पहाऱ्याला.

"समोरच बसा," ती म्हणाली. रडल्यानंतरचं ते पहिलं वाक्य. डोळे मिटून गायला लागली आणि आठही कडवी एका दमात गायली. सत्तावीस नातेवाईक, दोन काका वेगवेगळ्या कडव्यांत, आणि कुठे म्हणजे कुठे किर्र नाही!

शेवटच्या 'सावधान'नंतर बाहेरून ह्यांनी विचारलं, "झालं का? मला जरा आडवं व्हायचंय."

तेवढं वाक्य कापावं लागलं.

सकाळी ठेकेदारांनी उभ्या उभ्याच ऐकलं. ऐकता ऐकता रुमाल काढला. "काय आवाज आलाय ताई! कोणी मांडीवर घेऊन म्हटल्यासारखा. खोली झाडून घेतली वाटतं?" प्राजक्ता म्हणाली, "हो." (हे 'हो' ती माझ्याकडूनच शिकली.) लग्नानंतर कळलं, की दोन्ही काका रुसले. दुसऱ्याचं नाव जास्त लांबवलं, असं दोघांचंही म्हणणं! पण मेहुण्यांचा फोन आला, आणि कामं आली.

भुसा दत्तू परत घेऊन गेला. आठवड्याने त्याचा फोन आला, "आक्का, तुझ्या भिंती म्हशीने संपवल्या. आता लय सुरात हंबरती."

प्राजक्ताने पहिल्या कामाच्या पैशांतून खरी लोकर बसवली. मी स्वतः चौकटीजवळ उभी राहून 'आज या, आत्ता या' म्हणत भरून घेतली. माझ्याकडे तिने एक पैसा मागितला नाही. तिने मागितले असते तर मी कदाचित 'उद्या' म्हटलं असतं. मागितले नाहीत, म्हणून द्यावेच लागले. बावीस हजार लोकरीचे, साडेसहा हजार खड्ड्याचे, वरून वायर आणि कानाचा डॉक्टर. तिच्या एका गाणाऱ्या मैत्रिणीने गोधड्यांच्या तंबूचा फोटो पाहिला आणि स्वतःच्या खोलीला लावायला तीन गोधड्या मागितल्या. मग तिच्या मैत्रिणीने. मी शिवत गेले आणि आले तसे पैसे प्राजक्ताच्या हातावर ठेवत गेले. ती दर वेळी "आई, राहू द्या ना" म्हणायची, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा "नाही" म्हणायला शिकले.

काल शेवटचे दोन हजार दिले. तेच जुनं पाकीट, जपून ठेवलेलं. प्राजक्ताने नोटा बाहेर काढल्या, मोजल्या, पाकीट उलटं करून झटकलं, तर आतून भुशाची एक काडी खाली पडली. तिने ती उचलून माझ्यासमोर धरली.

मी म्हटलं, "राहू दे. ते व्याज."